इंग्रज माणूस फ्रेंच शिकताना कुठे अडखळतो?

तेराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात वॉल्टर ऑफ बिबस्वर्थ नावाचा एक सरदार राहत होता. आपल्या ओळखीतील एका खानदानी स्त्रीला मुलांना फ्रेंच शिकवता यावी म्हणून त्याने एक पद्यमय पाठ्यपुस्तक लिहिले. त्यात शरीराचे अवयव आहेत, शेतीची अवजारे आहेत, स्वयंपाकघर आहे, पशुपक्ष्यांचे आवाज आहेत. या पुस्तकाच्या हस्तलिखितांत फ्रेंच ओळींच्या वर बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिलेले सापडतात. आपली मुले शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहितात, अगदी तसेच.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक गमतीची जागा आहे. ओठ, ससा, पौंड आणि पुस्तक या चार गोष्टींसाठी तेव्हाच्या फ्रेंचमध्ये जवळजवळ एकाच उच्चाराचे शब्द होते. ओठ आणि पौंड स्त्रीलिंगी, म्हणून त्यांच्याआधी 'ला' हे उपपद लागे. ससा आणि पुस्तक पुल्लिंगी, त्यांच्याआधी 'ल'. एका कान्याचा फरक! तो चुकला तर मुलगा दुकानदाराकडे पौंडाऐवजी पुस्तक मागणार. मराठीत 'तो माळ' म्हटले की उघडे रान दिसते आणि 'ती माळ' म्हटले की गळ्यातला दागिना; 'ते खोड' झाडाचे आणि 'ती खोड' माणसाची. वॉल्टरने नेमकी अशीच उदाहरणे गोळा केली होती, कारण आपले विद्यार्थी कुठे घसरणार हे त्याला पक्के ठाऊक होते.

आज पावणेआठशे वर्षांनंतरही इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेले फ्रेंचचे कोणतेही पुस्तक उघडा. नेहमीच्या चुकांत लिंगाची चूक अगदी वरच्या जागी दिसेल. तिच्या पाठोपाठ नकाराची रचना, सर्वनामाची जागा, धातुसाधिताचे रूप. शिकणारे पिढ्यान्‌पिढ्या बदलले, चुका त्याच राहिल्या. जी चूक इतकी टिकाऊ असते ती आळसातून किंवा मंदबुद्धीतून आलेली नसते. तिला कारण असते, आणि या बाबतीत ते बऱ्याच अंशी इतिहासात सापडते. फ्रेंच भाषा विक्षिप्त आहे म्हणून इंग्रज अडखळतो असे सर्रास म्हटले जाते. मला उलट वाटते. यातल्या बहुतेक ठिकाणी फ्रेंचने जुने सामान जपून ठेवले आहे आणि इंग्रजीने ते वाटेत टाकून दिले आहे.

लिंगाचेच पाहू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मराठीसारखी तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. बाईसाठी असलेला 'वीफ' हा शब्द (आजचा 'वाइफ') चक्क नपुंसकलिंगी होता. आपल्याकडे 'बाईमाणूस' हा शब्द अनेकजण नपुंसकलिंगात वापरतात, तेव्हा याचे आपल्याला नवल वाटायला नको. त्या काळी उपपदेही तीन होती: पुल्लिंगी 'से', स्त्रीलिंगी 'सेओ' आणि नपुंसकलिंगी 'थात'. नाम कुठल्या लिंगाचे आहे हे उपपदावरून, विशेषणाच्या शेवटावरून आणि विभक्तीच्या प्रत्ययांवरून कळत असे.

मग हे सगळे गेले कुठे? नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंचमुळे इंग्रजीची लिंगव्यवस्था मोडली, असे उत्तर कधीकधी दिले जाते. ते टिकत नाही. उत्तर इंग्लंडमधील दहाव्या शतकातल्या लेखनातच लिंगाचा गोंधळ दिसू लागतो, म्हणजे नॉर्मन येण्याच्या शंभर वर्षे आधी. शिवाय ज्या फ्रेंचवर आरोप आहे तिच्यात स्वतःच दोन लिंगे शाबूत होती. शब्दाच्या शेवटी असलेले, आघात नसलेले स्वर बोलताना पुसट होत गेले, सगळे प्रत्यय सारखेच ऐकू येऊ लागले, हे मुख्य कारण. उत्तरेत स्थायिक झालेल्या डेन लोकांशी रोजचा व्यवहार होता. दोन्ही भाषांची मुळे सारखी पण प्रत्यय वेगळे, त्यामुळे प्रत्ययांचे महत्त्व आणखी घटले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. पीटरबरो येथील मठात ११५४ पर्यंत लिहिल्या गेलेल्या बखरीच्या शेवटच्या भागात ही पडझड स्पष्ट दिसते. दक्षिणेकडच्या केंटमध्ये मात्र १३४० सालच्या एका ग्रंथातही जुन्या लिंगांचे अवशेष शिल्लक आहेत. भाषेतील बदल असा प्रदेशाप्रदेशाने सरकत जातो.

अखेरचा घाव उपपदावर पडला. 'से', 'सेओ', 'थात' जाऊन सगळीकडे एकच 'द' उरला आणि नामाचे लिंग दाखवणारी शेवटची खूणही नाहीशी झाली. खरे तर फ्रेंचमध्येही शब्दांचे शेवट भरपूर झिजले आहेत, कदाचित इंग्रजीपेक्षा जास्त. लॅटिनचे नपुंसकलिंग त्या झिजेतच संपले. 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे नपुंसकलिंगी अनेकवचन 'आ'कारान्त होते म्हणून लोकांना ते स्त्रीलिंगी एकवचन वाटले, आणि फ्रेंचमध्ये पान स्त्रीलिंगी झाले. पण 'ल' आणि 'ला', 'अँ' आणि 'यून' ही उपपदे वेगळी राहिली. फ्रेंच मूल कोणतेही नाम एकटे ऐकत नाही. लिंगाची पताका घेऊनच ते येते. मराठी मुलाकडे उपपद नाही, पण पुस्तक पडले, वही पडली, कागद पडला, अशी प्रत्येक वाक्यात त्याची उजळणी होत असते. इंग्रज विद्यार्थी मात्र शब्दांची यादी पाठ करतो: टेबल म्हणजे हे, खुर्ची म्हणजे ते. लिंग ही त्याच्या लेखी नंतर चिकटवायची चिठ्ठी असते, आणि नंतर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते.

वॉल्टरच्या विद्यार्थ्यांची हीच अवस्था होती. घराणे नॉर्मन असले तरी दाईची, नोकरांची, अंगणातल्या सवंगड्यांची भाषा इंग्रजी होती. फ्रेंच ही दरबाराची, जमिनीच्या कागदपत्रांची आणि प्रतिष्ठेची भाषा म्हणून शिकावी लागे. तिच्यावर इंग्रजी सवयींचा रंग चढत गेला आणि पॅरिसचे लोक हसू लागले. चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या कथाकाव्यात एक मठाध्यक्षा रंगवली आहे. ती फ्रेंच छान बोलते, पण लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डची. पॅरिसची फ्रेंच तिला माहीत नाही. तो टोमणा तेव्हाच्या वाचकांना लगेच कळला असणार.

न्यायालयात तर फ्रेंच फारच चिवट ठरली. खटले इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२ साली झाला, तरी वकिलांच्या टिपणांत ती चालूच राहिली आणि कायद्याने तिला पूर्ण निरोप मिळाला तो अठराव्या शतकात, १७३१ च्या कायद्यान्वये, १७३३ पासून. तोपर्यंत तिचे काय झाले होते याचा एक प्रसिद्ध नमुना आहे. १६३१ साली सॉल्झबरी येथे एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला. नेम थोडक्यात हुकला. (कैद्याचा हात तोडून त्याला तिथल्या तिथे फाशी देण्यात आली.) या घटनेचे टिपण फ्रेंचमध्ये आहे असे म्हणायचे, पण 'विटेचा तुकडा' पासून 'थोडक्यात हुकला' पर्यंत महत्त्वाचे शब्द इंग्रजी आणि त्यांच्या मधली जोडणी तेवढी फ्रेंच. लिंग, वचन, प्रत्यय यांचे तर नावच नको. आपल्याकडच्या कचेऱ्यांमधली 'ऑर्डर पास करून फाइल सबमिट केली' ही मराठी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

फ्रेंचच्या नियमांची इंग्रजांसाठी सविस्तर मांडणी करणारा पहिला मोठा ग्रंथ आला १५३० साली. जॉन पाल्सग्रेव्ह हा लंडनचा, केंब्रिज आणि पॅरिसला शिकलेला. आठव्या हेन्रीची बहीण मेरी हिचे लग्न १५१४ साली फ्रान्सचा राजा बारावा लुई याच्याशी झाले; तिला फ्रेंच शिकवण्याचे काम पाल्सग्रेव्हकडे होते. लुई तीन महिन्यांत वारला, पण शिकवणीतून सुरू झालेला ग्रंथ पुढे हजाराहून अधिक पानांचा झाला. पाल्सग्रेव्हने फ्रेंचची इंग्रजीशी सतत तुलना केली आहे. एकेक इंग्रजी क्रियापद घ्यायचे आणि फ्रेंचमध्ये ते कसे वागते हे वाक्यातून दाखवायचे, ही पद्धत आज ओळखीची वाटते. तेव्हा ती नवी होती.

त्याच्या छपाईची हकीकत शिक्षकांनी वाचण्याजोगी आहे. रिचर्ड पिन्सन या मुद्रकाशी ७५० प्रतींचा करार झाला (काम पुरे केले ते जॉन हॉकिन्सने). पाल्सग्रेव्हची अट अशी की त्याच्या परवानगीशिवाय एकही प्रत विकायची नाही. कारण उघड होते. पुस्तक सर्वांच्या हाती गेले तर शिकवणीला कोण येणार? स्टीफन व्हॉन नावाच्या गृहस्थाला प्रत मिळेना म्हणून त्याने थेट टॉमस क्रॉमवेललाच शब्द टाकण्याविषयी पत्र लिहिले. खाजगी शिकवणीचे अर्थशास्त्र पाचशे वर्षांत फारसे बदललेले दिसत नाही.

जवळपास त्याच काळात, १५३३ च्या सुमारास, जिल द्यू वेस याचे दुसरे पुस्तक निघाले. हा जन्माने फ्रेंच, हेन्रीचा आणि पुढे त्याच्या मुलीचा शिक्षक. जे या भाषेत जन्मले नाहीत त्यांनी तिचे नियम सांगावेत, याचा त्याला राग होता. त्याचा भर संवादांवर आणि सरावावर होता. नियम आधी की वापर आधी, हा वाद आपल्याकडे इंग्रजीच्या प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात होतो. तो तेव्हाही मिटला नव्हता. मात्र एक गोष्ट मला पाल्सग्रेव्हच्या बाजूने सांगावीशी वाटते. शिकणारा कुठे अडखळेल हे त्याच वाटेने गेलेल्या परक्याला जितके दिसते तितके घरच्याला दिसत नाही. 'माळ' शब्दाला दोन लिंगे आहेत याकडे आपले तरी कधी लक्ष गेले होते?

आता नकाराकडे वळू. फ्रेंचमध्ये 'मी चालत नाही' हे 'झ न मार्श पा' असे होते: क्रियापदाच्या आधी 'न' आणि नंतर 'पा'. एका नकाराला दोन शब्द कशाला, असे इंग्रज विद्यार्थी हमखास विचारतो. या 'पा'चा मूळ अर्थ 'पाऊल' असा आहे. लॅटिनमधला ठसठशीत 'नोन' झिजून नुसता 'न' उरला, तो बोलण्यात नीट ऐकू येईना. मग जोर देण्यासाठी लोक म्हणू लागले, 'मी पाऊलभर चालत नाही'. पिण्याच्या संदर्भात 'थेंब' येई, खाण्याच्या संदर्भात 'चुरा', एरवी 'ठिपका'. मराठीला हे नवे नाही. तसूभर हलला नाही, थेंबभर पाणी मिळाले नाही, शितभर भात उरला नाही. आपला 'नाही' भक्कम राहिला म्हणून हे शब्द अलंकारच राहिले. फ्रेंचमध्ये मात्र मदतीला आलेला पाहुणा घरमालक झाला. चुरा आणि थेंब मागे पडले, 'पा' सर्व क्रियापदांना चालू लागला आणि आजच्या रोजच्या बोलण्यात तर 'न' गाळून एकटा 'पा' नकाराचे काम करतो. 'कोणी नाही' यासाठी वापरला जाणारा फ्रेंच शब्द मुळात 'व्यक्ती' या अर्थाचा आहे आणि 'काही नाही' यासाठी येणारा 'वस्तू' या अर्थाचा, त्यामागेही हीच प्रक्रिया आहे.

डेन्मार्कचा भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्परसन याने १९१७ साली दाखवून दिले की हे चक्र अनेक भाषांत फिरते, इंग्रजीतसुद्धा. जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधी 'ने' होता. त्याला जोर देण्यासाठी 'काहीही नाही' या अर्थाचा शब्द मागे जोडला गेला, तोच आक्रसून 'नॉट' झाला आणि 'ने' गळून पडला. म्हणजे चौदाव्या शतकातल्या इंग्रजाला फ्रेंचची दोन तुकड्यांची रचना मुळीच विचित्र वाटली नसती. त्याच्या घरी तीच होती.

असेच 'येणे', 'जाणे' या क्रियापदांचे. फ्रेंच त्यांचा भूतकाळ 'असणे' या सहाय्यक क्रियापदाने करते. इंग्रजीतही अठराव्या शतकापर्यंत 'ही इज कम' असे सहज लिहीत. पुढे 'हॅव'ने सर्व जागा बळकावल्या. 'तू' आणि 'तुम्ही' यांमधला भेदही इंग्रजीने टाकला. तो आपल्याला शिकवावा लागत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

सर्वनामाच्या जागेची अडचण मात्र शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत बोधप्रद आहे. 'मी कुत्रा पाहतो' हे फ्रेंचमध्ये 'मी पाहतो कुत्रा' या क्रमाने येते, इंग्रजीप्रमाणेच. पण कुत्र्याच्या जागी सर्वनाम आले की ते उडी मारून क्रियापदाच्या आधी जाते: 'झ ल व्वा', म्हणजे शब्दशः 'मी त्याला पाहतो'. मराठी माणसाला हा क्रम घरचा वाटतो. इंग्रजाला तो उलटा वाटतो.

कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी १९६५ साली एक प्रयोग सुरू झाला. इंग्रजी घरांतील मुलांना बालवर्गापासून सगळे शिक्षण फ्रेंचमधून देण्यास तेथे सुरुवात झाली आणि हे वर्ग पुढे देशभर पसरले. या वर्गांतल्या मुलांच्या बोलण्यात 'कुत्र्याने खाल्ले त्यांना' अशा क्रमाची फ्रेंच वाक्ये नोंदली गेली आहेत. इंग्रजी सवयीचा परिणाम, असे म्हणून हे सोडून देता येईल. अमेरिकेतील रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडले होते की दोन भाषा जिथे भिन्न असतात तिथे चूक होते. मग फ्रेंच मुलाने इंग्रजी शिकताना 'आय देम सी' म्हणायला हवे, कारण भिन्नता दोन्ही बाजूंनी सारखीच आहे. पण ही चूक फ्रेंच मुले सहसा करत नाहीत!

कोडे सुटते ते शिकणाऱ्याला काय ऐकू येते याचा विचार केला की. इंग्रज मुलाला फ्रेंचमध्ये क्रियापदानंतर येणारी नामे दिवसभर ऐकू येतात, म्हणून त्याच्या चुकीच्या अंदाजाला पुरावा मिळत राहतो. फ्रेंच मुलाला इंग्रजीत कर्म क्रियापदाआधी आलेले कधीच ऐकू येत नाही. त्याचा अंदाज पहिल्याच दिवशी कोसळतो. चूक करणारे मूल नुसते जुन्या सवयीने वागत नसते. समोरच्या सामग्रीवरून ते गृहीतक बांधत असते. एडिनबरा विद्यापीठाचे पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हाच मुद्दा मांडला: घाईत झालेली चूक वेगळी आणि नियमाने होणारी चूक वेगळी, दुसरीतून शिकणाऱ्याच्या मनातले व्याकरण दिसते. प्रयोगशाळेत अनपेक्षित निष्कर्ष आला की आपण तो खोडून टाकत नाही, तपासतो. तोच न्याय वहीतल्या लाल रेघेलाही लावायला हरकत नसावी.

राहिले धातुसाधित. 'मी लिहिलेली पत्रे' आणि 'मी पत्रे लिहिली' या दोन्हींत मराठी क्रियारूप पत्रांच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये पहिल्यासारख्या रचनेत, जिथे कर्म आधी येते तिथे, बदलते. दुसऱ्यासारख्या रचनेत, जिथे कर्म नंतर येते तिथे, बदलत नाही. मूळ लॅटिन रचना 'माझ्याजवळ लिहिलेली पत्रे आहेत' अशा अर्थाची होती. तिथे 'लिहिलेली' हे पत्रांचे विशेषण होते, म्हणून जुळणी स्वाभाविक होती. पुढे या रचनेचा भूतकाळ बनला आणि जुळणी डळमळीत झाली. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने १५३८ च्या सुमारास इटालियनचा दाखला देत, कर्म आधी आले तरच जुळवा, असा नियम पद्यात सांगितला. तो व्याकरणकारांनी उचलला आणि फ्रेंच शाळांच्या मानगुटीवर बसला. बहुसंख्य क्रियापदांत हा फरक ऐकूच येत नाही, फक्त लिहिताना दिसतो, त्यामुळे फ्रेंच मुलेही तो सर्रास चुकतात. फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी १९०० साली परीक्षेत त्याबद्दल सवलत देणारा आदेश काढला; फ्रेंच अकादमीच्या विरोधानंतर १९०१ च्या सुधारित आदेशात ती बरीच आक्रसली. बेल्जियममधल्या दोन माजी फ्रेंच शिक्षकांनी २०१८ साली हा नियमच सोडून द्यावा असे जाहीरपणे सुचवले, तेव्हा पुन्हा मोठा गदारोळ झाला. ही इंग्रजाची एकट्याची अडचण नाही, एवढे तरी यावरून दिसते.

लिंगाची अडचण मात्र त्याची स्वतःची. कॅनडातील वर्गांत मुले फ्रेंच ऐकून समजण्यात फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, पण बोलण्यातल्या आणि लिहिण्यातल्या लिंगाच्या चुका वर्षानुवर्षे शिल्लक राहिल्या. टकर, लँबर्ट आणि रिगो या संशोधकांनी १९७७ साली दाखवले होते की फ्रेंच भाषक अर्थहीन, बनावट शब्दांचेही लिंग त्यांच्या शेवटच्या ध्वनीवरून बऱ्यापैकी एकमताने सांगतात. म्हणजे ही व्यवस्था वाटते तितकी लहरी नाही. मुलांचे लक्ष शब्दांच्या शेवटाकडे वेधले तर? रॉय लिस्टर यांनी पाचवीच्या १७९ मुलांवर हा प्रयोग करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्दांच्या शेवटावरून लिंग ओळखायचे धडे दिल्यावर मुले सुधारली. त्यातही काही वर्गांत मूल चुकले की शिक्षक लगेच बरोबर रूप सांगत, काहींत ते न सांगता प्रश्न विचारून मुलाकडूनच काढून घेत, आणि काहींत चुकीची दखलच घेत नसत. काढून घेणाऱ्या वर्गांचे निकाल सर्वांत चांगले आले. लेखी चाचण्यांत हा फरक ठळक होता, तोंडी चाचण्यांत त्याहून कमी.